गोंगाटापासून श्रवणसंरक्षण : कारखान्यापासून शेतापर्यंत

तांबटांच्या बहिरेपणाचे मूळ त्यांच्या अखंड ठोकाठोकीत आहे, असे इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच नोंदविले होते. प्रतिबंधाचे नियम मात्र विसाव्या शतकात आले. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कार्यस्थळावरील गोंगाटाविषयी करार संमत केला. त्याच वर्षी व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासासाठी बेंगळुरू येथे राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे प्रादेशिक केंद्र स्थापन झाले. कारखाने अधिनियमातील अधिसूचित रोगांच्या यादीत गोंगाटजन्य श्रवणऱ्हासाचा समावेश झाला आणि असा रुग्ण आढळल्यास शासनास कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक ठरले.

शेत मात्र या कायद्याच्या व्याख्येनुसार कारखाना नव्हे. केबिन नसलेला ट्रॅक्टर वा मळणी यंत्र यांचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही मर्यादा शिफारशीत आहे. त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीमागे सुरक्षित कालावधी निम्मा होतो. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून येथे उपचारापेक्षा प्रतिबंधच महत्त्वाचा.

हातभर अंतरावरील व्यक्तीशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज घातक समजावा. सायलेन्सर वेळीच दुरुस्त करावा, सैल भाग घट्ट करावेत, यंत्राजवळील मजूर आळीपाळीने बदलावेत आणि इअरमफ किंवा इअरप्लग वापरावेत. कापसाचा बोळा पुरेसे संरक्षण देत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी मळणी हंगामापूर्वीच्या यंत्र प्रात्यक्षिकांत या बाबींचा आवर्जून समावेश करावा.