शेतकऱ्याचे पाय : नेहमींचे विकार व त्यांवरील उपचार

बैल लंगडूं लागला तर त्याला त्या दिवशीं कोणी जुंपीत नाहीं. खूर उचलून पाहतात, खडा काढतात, औषध लावतात. परंतु धन्याच्याच पायांत कांटा मोडला किंवा टाचेस भेग पडली, तर "होईल बरें" असें म्हणून तोच पाय दुसऱ्या दिवशीं चिखलांत जातो. शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील भातशेतीचा भार बैलांइतकाच माणसांच्या पायांवर आहे. राब भाजण्यापासून चिखलणी, लावणी, बेणणी व कापणीपर्यंत असें एकही काम नाहीं कीं ज्यांत पाऊल आधीं पुढें होत नाहीं. एका पावलांत २६ हाडें व ३३ सांधे असतात. एवढें नाजूक यंत्र आपण वर्षभर बिनतक्रार राबवितों, यास्तव त्याच्या निगेविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

पाश्चात्त्य देशांत केवळ पावलांच्या विकारांचें शिक्षण घेतलेले चिकित्सक असतात. त्यांस पोडियाट्रिस्ट अशी संज्ञा आहे. आपल्याकडे हें काम त्वचारोगाचे, हाडांचे व मधुमेहाचे डॉक्टर वांटून करतात. मात्र या शास्त्रांतील मुख्य तत्त्वें कोणाही शेतकऱ्यास समजण्याजोगीं आहेत.

चिखल्या. लावणीच्या दिवसांत आठ-दहा तास पाय पाण्यांत राहिला कीं बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून कुजते, आणि त्या ओल्या जागीं बुरशी वाढते. उपाय दोन : कोरडेपणा व बुरशीनाशक मलम. घरीं येतांच पाय स्वच्छ पाण्यानें धुवावे आणि प्रत्येक बेचकें जुन्या सुती फडक्यानें पुसावें. क्लोट्रिमाझोलसारखें मलम दिवसांतून दोन वेळ लावावें आणि खाज थांबली तरी डॉक्टरांनीं सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावें. दुकानांत स्टेरॉइड मिसळलेलीं मलमें मिळतात; त्यांनीं दोन दिवस बरें वाटतें, पण बुरशी आंतून पसरते. तीं डॉक्टरांस विचारल्यावांचून लावूं नयेत.

भेगा. टाचेची कातडी जाड व कोरडी झाली कीं चालतांना ती फांटते. रात्रीं पाय कोमट पाण्यांत दहा मिनिटें भिजवून, मऊ झालेली कातडी वजरीनें हलकेंच घासावी व वर खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावें. कोंकणांत कोकमाच्या बियांचें भिरंडेल लावण्याची जुनी चाल आहे, ती चांगली आहे. स्निग्ध पदार्थ ओलावा धरून ठेवतो एवढेंच तिचें कारण. भेगेंतून रक्त येत असल्यास ती जखमच समजावी.

कुरूप व नखें. एकाच जागीं सतत दाब पडल्यानें कातडी घट्ट होऊन आंत खुंटीसारखी रुतते, तें कुरूप. चिकित्सक तें निर्जंतुक सुरीनें थराथरानें तासतो. आणि मुख्य म्हणजे दाब कोठून येतो तें पाहून जोड्यांत मऊ गादी बसवितो. दाब न काढतां नुसतें कुरूप कापलें तर तें पुनः येतें. घरीं पत्त्यानें कापूं नये. कुरुपावरील पट्ट्यांत आम्ल असतें, म्हणून मधुमेही माणसानें त्या मुळींच लावूं नयेत. नखें सरळ कापावीं. कोपरे खोल कापल्यास नख मांसांत शिरतें.

कांटा व धनुर्वात. धनुर्वाताच्या जंतूंचीं बीजें मातींत व शेणांत असतात, आणि बाभळीच्या कांट्याची लहानशी खोल जखम त्यांस फार मानवते, कारण तेथें हवा पोहोंचत नाहीं. जखम साबण व भरपूर पाण्यानें धुवावी. शेण, माती किंवा हळदकुंकू भरूं नये. प्रतिबंधक सुई दर दहा वर्षांनीं घ्यावी लागते. मळकट जखम झाली आणि मागील सुईस पांच वर्षें उलटलीं असलीं तर पुनः घ्यावी. २०१९ सालापासून सरकारी केंद्रांत धनुर्वात व घटसर्प या दोहोंवरची एकत्र लस देऊं लागले आहेत.

उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, कातडीवरील लहानशा चिरेवाटे, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरांत शिरतात. पावसाळ्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व लाल डोळे हीं लक्षणें दिसतांच त्याच दिवशीं दवाखाना गांठावा आणि आपण शेतांत पाण्यांत काम करतों हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. तसेंच उघड्यावर शौचास बसण्यानें दूषित झालेल्या ओल्या जमिनींतून अंकुशकृमी अनवाणी पायांवाटे आंत जातात व रक्त शोषून अशक्तपणा आणतात. लावणीच्या चिखलांत बूट रुततात हें खरें. परंतु गोठा, उकिरडा व बांध येथें तरी पायांत कांहीं असावें.

बधिर पाय. वरील विकार दुखतात, म्हणून मनुष्य लक्ष देतो. खरें भय न दुखणाऱ्या पायाचें आहे. मधुमेह व कुष्ठरोग यांत पायाची संवेदना मंदावते. वेदना ही पायाची राखणदार आहे. ती निघून गेली कीं पिकांत गुरें शिरलीं तरी मालकास वर्दी मिळत नाहीं. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. कुष्ठरोगाच्या रोग्यांची पाहणी करून त्यांनीं दाखविलें कीं, पायाचें मांस आपोआप झडत नाहीं. दुखत नसल्यामुळें मनुष्य जखमेवरच चालत राहतो, आणि त्यायोगें पाऊल नष्ट होतें. पुढें अमेरिकेंत कार्व्हिल येथें त्यांनीं हेंच ज्ञान मधुमेहाच्या पायांस लागू केलें.

अशा पायाची परीक्षा सोपी आहे. १० ग्रॅम दाब पडतांच वांकणारा नायलॉनचा तंतु तळव्यास निरनिराळ्या जागीं टेंकवितात. डोळे मिटलेल्या रोग्यास तो कळला नाहीं, तर पाय धोक्यांत आहे. मग डॉक्टर पावलाची नाडी पाहतात, जखमेंतील मृत कातडी काढतात, रक्तांतील साखर आटोक्यांत आणतात आणि प्लास्टरनें वा खास जोड्यांनीं जखमेवरचा भार काढतात. भार काढणें हेंच निम्में औषध आहे. ज्यास मधुमेह आहे त्यानें रोज रात्रीं तळवे पाहावे; दिसत नसल्यास आरसा धरावा किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावे. शेकोटीजवळ पाय नेऊं नये, जोडा घालण्यापूर्वीं आंत हात फिरवावा व अनवाणी चालूं नये. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील माणसांची मधुमेहाकरितां तपासणी करण्याची योजना आहे; तिचा लाभ घ्यावा.

पाय गमावल्यावरही शेतकऱ्यास उभें करणारा उपाय आपल्याच देशांत निघाला. १९६८ सालीं जयपूर येथें कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं रबराचें असें पाऊल सिद्ध केलें कीं तें घालून अनवाणी चिखलांत चालतां येतें व उकिडवेंही बसतां येतें. परंतु मूळचें पाऊल राखणें त्याहून पुष्कळ स्वस्त पडतें.

शेवटीं जमीनधारकांस एक विनंति. आपल्या खाचरांत लावणीस येणाऱ्या स्त्री-पुरुषांचे पायही त्याच पाण्यांत असतात, आणि सुटी घेतली तर त्यांची मजुरी बुडते. म्हणून ते दुखणें सांगत नाहींत. बांधावर स्वच्छ पाण्याची घागर, साबण, कोरडें फडकें व मलमाची एक नळी ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं. कोणाच्या पायास जखम दिसली तर त्यास त्या दिवसापुरतें कोरडें काम द्यावें व मजुरी पुरी द्यावी.