विपणनाची उमेदवारी आणि मार्गदर्शकाचे कर्तव्य

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्याचे गिऱ्हाईक बहुधा दुसरा कारखानाच असल्यामुळे, तेथील विपणनात जाहिरातीपेक्षा दरपत्रक, नमुन्याची मंजुरी, गुणवत्तेची तपासणी आणि मुदतीत पुरवठा यांनाच अधिक महत्त्व असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या एमबीए अभ्यासक्रमाने किमान 8 आठवड्यांची उन्हाळी इंटर्नशिप आवश्यक ठरविली. परंतु विपणनाचा हा व्यवहार केवळ हजेरीने आकळत नसल्यामुळे विद्यार्थ्यास दोन मार्गदर्शकांची गरज भासते. महाविद्यालयातील अध्यापकाने अभ्यासविषयाची मर्यादा आखून द्यावी, आणि कारखान्यातील अनुभवी अधिकाऱ्याने त्यास ग्राहकाच्या खरेदी विभागात सोबत न्यावे, दरपत्रकाचा मसुदा तपासून द्यावा व नकार आल्यास त्याची कारणमीमांसा समजावून सांगावी. अशा उमेदवारीस कायद्याचेही पाठबळ आहे; 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची व्याप्ती 2014 च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांपर्यंत वाढली. तथापि करार आणि विद्यावेतन कायद्याने मिळाले, तरी आस्था ही माणसानेच द्यावयाची असते. म्हणून कारखानदारांनी विद्यार्थ्यास नुसते पत्ते गोळा करण्यास न जुंपता, त्याच्या शंकांसाठी दर आठवड्यास निश्चित वेळ राखून ठेवावा, अशी आग्रहाची विनंती आहे.