मेंदूचा नमुना बारा

शाळेच्या पुस्तकातल्या मेंदूच्या चित्रात रंगीत ठिगळे असतात. डोक्याच्या मागच्या टोकाला दृष्टी, कानशिलाआड श्रवण, माथ्यावरून कानाकडे उतरणाऱ्या घळीच्या पुढच्या काठावर हालचाल, मागच्या काठावर स्पर्श, आणि कपाळामागे बेत आखणे. चित्र चुकीचे नाही. पण ते पाहताना आपण नकळत सातबाऱ्यातला सातचा भाग वाचतो, म्हणजे कोणता तुकडा कोणाच्या मालकीचा. मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे कॉर्टेक्सचा, नकाशा वाचायचा तो बाराच्या भागासारखा. या जमिनीत आज कोणते पीक उभे आहे आणि त्याला पाणी कुठून येते, एवढेच तो सांगतो. जमीन तरी केवढी? दोन ते चार मिलिमीटर जाडीची, घड्या घालून कवटीत बसवलेली एक चादर. तिच्यात सुमारे 1,600 कोटी चेतापेशी राहतात.

या चादरीची सर्वात प्रसिद्ध मोजणी जर्मन वैज्ञानिक कॉर्बिनियान ब्रॉडमन याने 1909 साली प्रसिद्ध केली. कोणता भाग काय करतो, हा त्याच्या मोजणीचा आधार नव्हताच. पेशींना रंग देऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली थर पाहत होता आणि थरांची ठेवण बदलली की नवा क्रमांक देत होता. त्याचे क्रमांक 52 पर्यंत जातात, पण मधले काही माणसाच्या मेंदूत सापडतच नाहीत. तरीही 17 क्रमांक दृष्टीच्या जागेशी आणि 4 क्रमांक हालचालीच्या जागेशी जुळला, आणि ही जुळणी योगायोगाची नाही. बाहेरून येणारे धागे मुख्यतः चौथ्या थरात उतरतात. डोळ्यांकडून येणारा मजकूर जिथे पोचतो त्या 17 मध्ये हा थर जाड आणि ठसठशीत दिसतो, तर स्नायूंकडे हुकूम धाडणाऱ्या 4 मध्ये तो जवळजवळ हरवतो आणि पाचव्या थरात प्रचंड पेशी दिसतात. शेताची ठेवण पाटाच्या पाण्यावरून ओळखावी तसेच हे आहे. त्याच 1909 साली जपानी नेत्रवैद्य तात्सुजी इनोये याने रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळ्या लागलेल्या सैनिकांच्या जखमा आणि त्यांना न दिसणारा दृश्याचा भाग यांचा मेळ घालून दृष्टिक्षेत्राचा नकाशा मांडला. नजरेच्या नेमक्या मध्यबिंदूला त्या जागेत फार मोठा वाटा मिळतो. स्पर्शाच्या पट्टीवरही हाताचे आणि ओठांचे क्षेत्र पाठीपेक्षा कितीतरी मोठे, कारण तिथे अंगाच्या आकाराला किंमत नाही, येणाऱ्या बातम्यांच्या बारकाव्याला आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की पॉल ब्रोका यांनी 1861 साली मालकीच सिद्ध केली होती. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या लबॉर्न्य या रुग्णाला बोलणे समजत असे, पण त्याच्या तोंडून ‘टॅन’ एवढेच निघत असे. तो गेल्यावर डाव्या मेंदूच्या पुढच्या खंडात जखम सापडली आणि ती जागा वाचेची ठरली. मात्र वाचा जिथे बिघडते ते ठिकाण सापडणे वेगळे आणि वाचा जिथे राहते ते ठिकाण सापडणे वेगळे, हे इंग्रज वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी त्याच शतकात बजावले होते. ब्रोकांनी तो मेंदू न कापता जपून ठेवला, हे आपले भाग्य. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच मेंदूचे एमआरआय केले गेले, तेव्हा जखम आत खोलवर, दूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. नुसते शेत करपले नव्हते, पाटही फुटला होता.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. जागांना अर्थच नाही, म्हणावे का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांना उंदरांच्या चक्रव्यूहात असेच दिसले होते. बाह्यक कुठे कापले यापेक्षा किती कापले यावर उंदरांच्या चुका ठरत. पण चक्रव्यूह पार करताना उंदीर डोळे, मिशा, पाय सगळेच वापरतो, त्यामुळे कुठेही घाव घातला तरी काहीतरी नडणारच. जागेला अर्थ आहे, फक्त तो जन्माने कायमचा ठरलेला नाही. लहानपणापासून अंध असलेल्या वाचकांची बोटे ब्रेलच्या ठिपक्यांवरून फिरतात तेव्हा डोक्यामागचे दृष्टीचे क्षेत्र कामाला लागते, हे 1996 साली दिसले. ते नुसते सोबतीला जागे होत असेल, ही शंका रास्त होती. तिचे उत्तर 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत आहे. जन्मांध आणि ब्रेलवाचनात तरबेज अशा एका स्त्रीच्या मेंदूच्या दोन्ही मागच्या खंडांना पक्षाघाताने इजा झाली. तिला स्पर्श कळत होता, पण ब्रेल वाचता येईना. डोळ्यांचे पाणी कधी आलेच नाही, तेव्हा त्या शेतात बोटांचे पीक उभे राहिले होते. याचा अर्थ कुठेही काहीही पिकते असा मात्र नाही. लहान वयात डाव्या मेंदूला इजा झाली तर भाषा बहुधा उजवीकडे घर करते, प्रौढपणी तशी सोय क्वचितच होते.

म्हणूनच शस्त्रक्रियेत छापील नकाशा पुरत नाही. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, त्यामुळे मॉन्ट्रियलचे शल्यवैद्य वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णाच्या बाह्यकाला सौम्य वीज लावून पाहत. बोट हलले, ओठाला मुंग्या आल्या, चित्रातल्या वस्तूचे नाव सांगताना जीभ अडली, की त्या जागी क्रमांकाची छोटी चिठ्ठी ठेवली जाई. पुढच्या रुग्णाची कवटी उघडली की चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून मांडायच्या.