सगळेच ‘व्हायरस’ नसतात

बीडमध्ये परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात दिवसभर पेनड्राइव्ह आत-बाहेर होतात. मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डरं ‘शॉर्टकट’ झालेली दिसतात. मूळ फोल्डरं जागेवरच असतात, फक्त लपवलेली. शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डर उघडतं, पण सोबत एक छुपा प्रोग्रामही चालू होतो आणि पुढच्या प्रत्येक पेनड्राइव्हवर आपली प्रत उतरवतो. आपण याला ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतो. काटेकोरपणे पाहिलं तर हा वर्म. खरा व्हायरस दुसऱ्या प्रोग्रामच्या आत दडतो आणि तो चालवला की जागा होतो. वर्मला असा आसरा लागत नाही.

तिसरा प्रकार ट्रोजन. तो आपण होऊन पसरत नाही, त्याला आपणच आत घेतो. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. दिसायला पीडीएफ, प्रत्यक्षात एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल. खात्यातले सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. पत्रिका आली आणि उघडलीच नाही, असा माणूस मराठवाड्यात सापडायचा नाही, हे भामट्यांनी बरोबर हेरलंय.

व्हायरस, वर्म, ट्रोजन ही नावं शिरण्या-पसरण्याच्या तऱ्हेवरून पडली. स्पायवेअर पाळत ठेवतो, रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो, वायपर सरळ नासधूस करतो. ही नावं कामावरून. त्यामुळे एकाच प्रोग्रामला दोन-तीन नावं लागू पडतात.

27 जून 2017 रोजी पसरलेला ‘नॉटपेट्या’ पाहा. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि नेटवर्कमधून आपोआप पसरत गेला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनल अडलं. पडद्यावर 300 डॉलरचे बिटकॉइन मागितले होते, पण पैसे भरूनही डेटा परत मिळायची सोयच नव्हती. चाल वर्मची, सोंग रॅन्समवेअरचं, करणी वायपरची!

कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे जगभरातले सर्व्हर पुसले गेले. वाचला एकच, घानातला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. (लोडशेडिंगची एवढी पुण्याई आपल्याकडे कुणी ऐकली नसेल.) त्या सर्व्हरवरचा डेटा एका कर्मचाऱ्याने नायजेरियाला नेला, दुसऱ्याने तिथून इंग्लंडला. त्यावरून 4 हजार सर्व्हर आणि 45 हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले गेले.