ताण्याबाण्याच्या गोष्टी : टॅफेटाची सळसळ

मागच्या आठवड्यात आपण सॅटिनचा मऊ, घसरता पोत पाहिला. टॅफेटाचा स्वभाव नेमका उलटा: ताठ, कडक, चालताना सळसळणारा.

नावाचं मूळ फारसी 'ताफ्तन'मध्ये, म्हणजे पिळणं, विणणं. मोगलांच्या काळात हिंदुस्थानात 'ताफ्ता' ओळखीचं रेशीम होतं. युरोपात गेल्यावर त्याचंच टॅफेटा झालं. मात्र हे नाव विणीचं आहे, धाग्याचं नाही, आणि गिऱ्हाइकाची गफलत होते ती इथेच. वीण अगदी साधी, एक धागा वर, एक खाली. करामत आहे ती पिळाची आणि दाटीची. ताणा अतिशय दाट, बाणा किंचित जाड, म्हणून कापडावर बारीक आडव्या रेघा उमटतात. उत्तम टॅफेटाचं रेशीम आधी रंगवतात, मग विणतात. ताणा-बाणा वेगळ्या रंगांचे घेतले की धूपछाव दिसते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या खासगी बाजारात हा ताठपणा समजावून सांगायला चंदेरीइतकं सोयीचं उदाहरण नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 मध्ये इथे स्थिरावली आणि पुढच्याच वर्षी चंदेरी गाव शिंद्यांकडे आलं. तिथल्या साड्या मराठी घरांत मानाच्या झाल्या. चंदेरीही कडक, पण कारण निराळं. कच्च्या रेशमाच्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा नैसर्गिक डिंकाचा असतो. एरवी तो साबणाच्या पाण्यात उकळून काढतात, चंदेरीच्या धाग्यात तो राहू देतात. म्हणून ती पारदर्शक, हलकी आणि तरीही ताठ. टॅफेटात डिंक काढलेला असतो आणि ताठपणा विणीतून येतो. डिंकाबरोबर घटलेलं वजन भरून काढायला एकोणिसाव्या शतकात युरोपातले कारखानदार रेशमावर कथलाचे क्षार चढवत. कापड भारदस्त होई, पण पुढे घड्यांवर चिरत जाई. संग्रहालयांतले त्या काळचे कितीतरी झगे असेच फाटले आहेत. मला ही रेशमाशी केलेली बेइमानीच वाटते.

पुढचं वळण थेट ग्वाल्हेरचं. 1947 मध्ये इथे 'ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनी' स्थापन झाली, तीच आजची ग्रासिम. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतं, तरी कंपनीच्या नावात 'सिल्क' होतंच. पुढे नायलॉन, पॉलिएस्टर आलं. आज छत्री, अस्तर, घागरा यांतलं बहुतेक टॅफेटा याच धाग्यांचं. त्यात कमीपणा काही नाही, पावसात रेशमाची छत्री कोण उघडणार? पण पॉलिएस्टरला रेशमाचा भाव लावणं ही फसवणूक आहे.

म्हणून दुकानात नुसतं 'टॅफेटा आहे का?' विचारू नका, 'धागा कोणता?' हेही विचारा. शंका राहिली तर घरी कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम, कागदासारखं जळलं तर रेयॉन, वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. आणि घरात जुनं रेशमी टॅफेटा असेल तर त्याची घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला.