जुना मालवाहू टेम्पो घेताना : सीएनजी की डिझेल?

भाजीपाला, दूध, किराणा, फर्निचर आणि बांधकामाचे साहित्य दुकानापर्यंत किंवा घरापर्यंत पोहोचविणाऱ्या छोट्या मालवाहू टेम्पोंवर देशातील असंख्य कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस, म्हणजेच लोकांचा 'छोटा हत्ती', सुरुवातीला केवळ डिझेलवर धावत असे. पुढे त्याची सीएनजी आवृत्ती आली. आज अनेक कंपन्यांचे छोटे टेम्पो दोन्ही इंधनांत मिळतात आणि जुन्या वाहनांच्या बाजारातही दोन्ही शेजारीशेजारी उभे असतात. नवे वाहन परवडत नाही म्हणून जुने घेणाऱ्या व्यावसायिकापुढे त्यामुळे एक प्रश्न हमखास उभा राहतो. कोणत्या इंधनाचा टेम्पो घ्यावा?

बहुतेक खरेदीदार पंपावरील दर पाहून निर्णय घेतात. मात्र हे दर थेट तुलना करण्याजोगे नाहीत. डिझेल लिटरने विकले जाते, तर सीएनजी किलोने. एक किलो सीएनजीमध्ये एक लिटर डिझेलपेक्षा साधारण ३० टक्के अधिक ऊर्जा असते. दुसरीकडे डिझेल इंजिन हवेवर अधिक दाब देऊन इंधन जाळते, म्हणून मिळालेल्या ऊर्जेचा ते अधिक चांगला उपयोग करते. त्यामुळे खरे मोजमाप एकच आहे, ते म्हणजे दर किलोमीटरमागे येणारा इंधनखर्च. इंधनाच्या दराला वाहनाच्या प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेजने भागले की हा खर्च मिळतो.

केवळ हिशेबासाठी असे धरू की डिझेल ९० रुपये लिटर आहे आणि टेम्पो लिटरमागे १८ किलोमीटर धावतो. म्हणजे किलोमीटरला ५ रुपये खर्च येतो. सीएनजी ८० रुपये किलो व अ‍ॅव्हरेज २० किलोमीटर असेल, तर हाच खर्च ४ रुपये होतो. बचत किलोमीटरमागे एक रुपया. महिन्यातून २५ दिवस, रोज १२० किलोमीटर धावणाऱ्या टेम्पोची बचत महिन्याला ३,००० रुपये होईल. रोज ४० किलोमीटरच धावणाऱ्याची मात्र केवळ १,००० रुपये. सीएनजी टेम्पोसाठी ५० हजार रुपये अधिक मोजले असतील, तर पहिल्याचे पैसे १७ महिन्यांत वसूल होतील, दुसऱ्याला ५० महिने लागतील. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

मार्ग आणि माल

हिशेबाची दुसरी बाजू मार्गाची आहे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही चांगली ओढ देते. भरलेला टेम्पो घाटातून चढविताना, तसेच सिमेंट, लोखंड, फरशी यांसारखा जड माल वाहताना त्याचा उपयोग होतो. सीएनजी टेम्पोत सिलिंडरचे वजन वाढते आणि एका भरणीत मिळणारे अंतर सहसा कमी असते. वाटेत पंप नसेल किंवा पंपावर रोज तासभर रांग लागत असेल, तर दिवसाची एक फेरी बुडते आणि इंधनातील बचत तेथेच संपते. शहरातल्या शहरात हलका माल वाहणाऱ्या आणि पंप जवळ असणाऱ्या व्यावसायिकासाठी मात्र सीएनजी सोयीचे ठरते.

येथे वाहनाच्या वयाचाही विचार करावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल वाहनांत धुरातील काजळी अडविणारी डीपीएफ ही गाळणी असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन काही काळ सलग व पुरेसे गरम चालावे लागते. दिवसभर थांबत-थांबत छोट्या फेऱ्या करणाऱ्या टेम्पोत ही गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

तपासणी कशी करावी?

डिझेल टेम्पो थंड असतानाच सुरू करून पाहावा. इंजिन गरम झाल्यावरही निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे. सतत काळा धूर इंजेक्टर, पंप किंवा टर्बोतील दोष सुचवितो. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण सैल केल्यावर जोराने वाफ बाहेर येत असेल, तर पिस्टन व रिंगा झिजल्याची शक्यता असते.

सीएनजी टेम्पोत प्रथम सिलिंडर पाहावा. त्यात गॅस सुमारे २०० बार इतक्या दाबाने भरला जातो. त्यामुळे दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रातून त्याची हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते. प्रमाणपत्रावरील क्रमांक सिलिंडरवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे स्वतः ताडून पाहावे. किट बाहेरून बसविले असेल, तर आरसी पुस्तकात सीएनजीची नोंद असणे आवश्यक आहे. नोंद नसल्यास पासिंग आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. कोरड्या गॅसमुळे व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मेकॅनिककडून मोजून घ्यावे.

कागदपत्रे आणि नियम

मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. आठ वर्षे झालेला टेम्पो स्वस्त मिळाला, तरी हा खर्च दरवर्षीचा असतो. मागील मालकाचे कर्ज फिटले असल्यास बोजा उतरविल्याची नोंद झाली आहे का, हेही पाहावे.

दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात डिझेलबाबत अधिक सावध राहावे लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांना काही दिलासा दिला व त्याच वर्षी त्यात बदलही केला. त्यामुळे या भागात माल नेणाऱ्याने व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम परिवहन कार्यालयाकडून जाणून घ्यावा. या भागातून अन्य राज्यांत विक्रीस येणारे जुने डिझेल टेम्पो स्वस्त वाटले, तरी ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

खरेदीपूर्वी रोजचे किलोमीटर, मालाचे सरासरी वजन, वाटेतील चढ आणि जवळच्या पंपाचे अंतर या चार गोष्टी कागदावर मांडाव्यात. अंतर जास्त, माल हलका आणि पंप हाताशी असेल, तर सीएनजीचा टेम्पो लाभदायक ठरतो. माल जड, रस्ता चढाचा किंवा गॅस दूर असेल, तर सुस्थितीतील डिझेल टेम्पोच हप्ते वेळेवर फेडून देईल.