उडी घोड्याची, तयारी सपाट जमिनीवरची

लोणार-मेहकरकडे घोडा भेटतो तो वरातीत, नाहीतर मिरवणुकीत. शो जंपिंग, म्हणजे घोड्याने अडथळ्यांवरून उड्या मारण्याचा खेळ, दिसतं ते ऑलिम्पिकच्या वेळी टीव्हीवर, तेही उडीच्या क्षणापुरतं. त्यामुळे या खेळाबद्दल भलत्याच समजुती पक्क्या झाल्या आहेत.

गैरसमज : सगळ्यात उंच उडणारा घोडा जिंकतो.
वस्तुस्थिती : अडथळे सगळ्यांना सारखेच. ऑलिम्पिकमध्ये त्यांची उंची १.६५ मीटरपर्यंत जाते. जिंकतो तो चुका टाळणारा. दांडा पडला की ४ पेनल्टी. घोडा अडला तर पहिल्यांदा ४, दुसऱ्यांदा बाद. स्वार पडला तरी बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर त्याची पेनल्टी वेगळी. दांडे उथळ कपांत नुसते टेकवलेले असतात. मागच्या खुराचा ओझरता धक्काही पुरतो. आणि गरजेपेक्षा हातभर उंच उडणारा घोडा वेळही घालवतो, दमही.

गैरसमज : उडतो घोडा, स्वार नुसता बसतो.
वस्तुस्थिती : घोड्याला मार्ग आधी दाखवत नाहीत. स्वार मात्र स्पर्धेपूर्वी तो पायी फिरून पावलं मोजतो. हिशेब असा : माणसाची चार लांब पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग, साधारण ३.६ मीटर. जोडअडथळ्यात आठ पावलांचं अंतर भरलं, तर दोन उतरण्याची, दोन पुढच्या उडीची. उरलेल्या चारांत एकच ढांग बसते. अंतर अर्ध्या पावलाने कमी-जास्त असेल, तर ढांग आखडायची की लांबवायची हे स्वाराला तिथे पोचण्याआधीच ठरवावं लागतं. शिवाय घोड्याचे डोळे बाजूंना असतात आणि कपाळाच्या अगदी समोरचं त्याला दिसत नाही. अडथळा जवळ आल्यावर ऐनवेळी लगाम ओढला, तर तो गोंधळतो.

गैरसमज : चाबूक ओढला की उडी उंच जाते.
वस्तुस्थिती : मारून-झोडून उडी सुधारत नाही. पायांवर दांडा मारून घोड्याला जास्त उंच उडायला लावण्याच्या प्रकाराला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने बंदी घातली आहे. उडी सुधारली ती उलट्या वाटेने. पूर्वी स्वार उडीत मागे रेलायचे आणि लगाम घोड्याच्या तोंडात रुतायचा. इटलीच्या घोडदळातले फेडेरिको काप्रिली (१८६८–१९०७) यांनी स्वाराला पुढे झुकवलं, हात सैल सोडायला लावले आणि घोड्याची मान व पाठ मोकळी केली. आजचा स्वार तसाच बसतो.

गैरसमज : परदेशी, धिप्पाड, महागडा घोडाच हवा.
वस्तुस्थिती : जागतिक पातळीवर किमती अफाट आहेत, हे खरं. पण नांगराला जुंपलेला ‘स्नोमॅन’ १९५६ मध्ये अमेरिकेत कत्तलखान्याच्या ट्रकमधून ८० डॉलरला सोडवला गेला आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेता ठरला. ‘स्ट्रोलर’ हा तर जेमतेम १.४५ मीटर उंचीचा पोनी. त्याने १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक रौप्य मिळवलं. आपल्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड या खेळाकडे वळवतात. १९४२ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबही महालक्ष्मी रेसकोर्सवरच आहे. शर्यतीतल्या घोड्याला पळायचं शिकवावं लागत नाही. शिकवायचं असतं ते हळू होणं, वळणं आणि थांबणं.

गैरसमज : हा तरण्याबांड पुरुषांचा खेळ.
वस्तुस्थिती : ऑलिम्पिक जंपिंगमध्ये १९५६ पासून स्त्रिया उतरतात, त्याही पुरुषांबरोबर एकाच स्पर्धेत. ब्रिटनच्या निक स्केल्टन यांनी २०१६ मध्ये रिओत सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्यांचं वय ५८ होतं. २००० मध्ये त्यांची मान मोडली होती.

गैरसमज : प्रशिक्षण म्हणजे रोज उंच उड्या.
वस्तुस्थिती : रोज उंच उड्या घेतल्या तर घोड्याचे पाय लवकर निकामी होतील. सुरुवात होते वाळूत आडव्या टाकलेल्या दांड्यांनी. त्यांवरून आधी चाल, मग दुडकी. पाऊल नेमकं दोन दांड्यांच्या मधे पडू लागलं की मग तिरक्या दांड्यांची बुटकी फुली. नवा स्वारही तोवर रिकिबीशिवाय तोल सांभाळायला शिकत असतो. ऑलिम्पिकला उतरणारा घोडा किमान ९ वर्षांचा असावा लागतो, तोवर ही सगळी तयारी होते.

पुढच्या वेळी सामना लागला की उडीऐवजी तिच्या आधीच्या तीन-चार ढांगा बघा. दांडा पडणार की राहणार, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.